जेवलं की विषय संपला

एका कॉलेजात सत्तावीस वर्षं काढली की किस्से मागावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमच्या स्टाफरूमच्या कपाटावर विसरलेले टिफिन आहेत ना, कोणाचे ते आता कोणालाच आठवत नाही, तसे. चहा आला की एकेक निघतो, सगळे हसतात, तास वाजतो.

मी मानसशास्त्र शिकवते. मूळची रनाळ्याची. घरात अहिराणी, वर्गात शुद्ध मराठी, आणि राग आला की परत अहिराणी! पुढच्या वर्षी रिटायर होतेय. माझ्या वाट्याचे बरेचसे किस्से एकाच पोराचे आहेत. सायसिंग त्याचं नाव. धडगावच्या वरच्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी. त्यातले पहिले काही मी चहाबरोबर शंभरदा सांगितलेत. शेवटचे दोन कधीच नाही.

* * *

पहिल्या वर्षाचा वर्ग. मी हजेरी घेतेय. एक्केचाळीस नंबर पुकारला, मागून कोणीतरी आवाज बदलून "यस मॅडम!" म्हणालं. हे रोजचंच. आम्हालाही कळतं, पोरांनाही कळतं की आम्हाला कळतं. मी टिक करणार, तेवढ्यात एक काटकुळा पोरगा उभा राहिला.

"मॅडम, तो नाहीये. घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातला गेलाय."

सगळा वर्ग त्याच्याकडे बघायला लागला. मी वैतागले. "मग काय करू? गैरहजेरी लावू? स्कॉलरशिप जाईल त्याची!"

"नाही मॅडम. हजेरी लावा. पण तो आहे असं समजून लावू नका."

"बस खाली, हरिश्चंद्रा!" मी म्हणाले. वर्ग खो खो हसला. ते नाव त्याला तीन वर्षं चिकटलं. चिकटवलं मीच.

* * *

दुसऱ्या वर्षाला 'नैतिक विकासाच्या पायऱ्या' असा एक टॉपिक आहे. माणूस आधी शिक्षेच्या भीतीनं चांगलं वागतो, मग शाबासकीसाठी, मग नियम म्हणून, आणि अगदी वरच्या पायरीवर स्वतःच्या विवेकानं. दरवर्षी मी हे डिक्टेट करते. पोरं दरवर्षी लिहून घेतात. पुढे काही होत नाही.

त्या वर्षी मला हुक्की आली. म्हटलं, उदाहरण देऊन विचारू. "समजा, पाड्यावर एकाला साप चावला. दवाखान्यात लस आहे, पण कुलूप लावून डॉक्टर गावाला गेलेत. कुलूप तोडायचं का?"

एकानं विचारलं, "कॅमेरा आहे का मॅडम?"

चेतन म्हणून एक गुजर पोरगा होता, तापीकाठचा, घरची केळीची बाग. हुशार आणि गोड बोलणारा. तो म्हणाला, "मॅडम, हे परीक्षेला येणार का?"

सायसिंग मात्र विचार करत बसला होता. म्हणाला, "तोडायचं. मग स्वतः पंचात जाऊन सांगायचं, मी तोडलं. दंड देतील तो घ्यायचा."

"अरे, जीव वाचवलास, मग दंड कशाला?"

"कुलूप तर तोडलंच ना मॅडम!"

ही कितवी पायरी, असं पोरांनी विचारलं. मी फळा पुसायला घेतला. "गाईड बघून उद्या सांगते," म्हणाले. गाईडात नव्हतं.

* * *

मग ते पंचांचं काय, हे मी त्याला एकदा व्हरांड्यात विचारलं. म्हणाला, आमच्या पाड्यावर चूक झाली तर बोलावण्याची वाट बघायची नाही. आपणच जायचं, सगळ्यांसमोर सांगायचं. दंड ठरतो. मग ज्याचं नुकसान झालं त्याच्या अंगणात सगळे एकत्र जेवतात, चूक करणाराही.

"आणि मग?"

"मग काय! जेवलं की विषय संपला. पुन्हा कोणी काढायचा नाही. काढला तर त्यालाच दंड."

मी हसले. म्हटलं, आमच्या स्टाफरूममध्ये हा नियम आणला तर रोज पंगती उठतील!

तो तेव्हाच म्हणाला होता, बी.ए. झालो की बी.एड. करायचं, आणि आपल्याच पाड्यावरच्या शाळेत मास्तर व्हायचं. तिथले मास्तर पंधरा ऑगस्टला येतात, नंतर एकदम सव्वीस जानेवारीला. पोराच्या डोक्यात एवढं एकच होतं.

* * *

हा किस्सा आमच्या शिपायाचा, सुकदेवभाऊचा.

कॉलेज तपासायला बाहेरून कमिटी येणार होती. प्राचार्यांनी मूल्यशिक्षणासाठी एक कल्पना काढली. 'प्रामाणिकपणाचं दुकान'! टेबलावर वह्या-पेनं मांडायची, दुकानदार ठेवायचा नाही. ज्याला हवं त्यानं वस्तू घ्यावी, आपणहून पैसे डब्यात टाकावेत. वर मोठा बॅनर.

सायसिंग पेन घ्यायला गेला, तर मागचा पडदा हलला. त्यानं बाजूला केला. आत सुकदेवभाऊ उभे!

"भाऊ, तुम्ही इथं काय करताय?"

"काय करू भो! साहेबनी सांगं, म्हणीसन सकायपासून इमानदारीवर ध्यान ठेई ऱ्हायनू!"

कमिटीनं दुकानाचे फोटो काढले. आम्हाला चांगला शेरा मिळाला. कमिटीची गाडी गेटबाहेर पडायच्या आत बॅनर उतरला.

* * *

इथपर्यंतचे सांगून झाले की स्टाफरूममध्ये सगळे हसतात आणि मीही कप विसळायला उठते. आज उठत नाही.

तिसऱ्या वर्षाची शेवटची परीक्षा. दोन वर्षं आमचा निकाल पडला होता. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, "मॅडम, यंदा निकाल नाही लागला तर तुमचा विषय बंद होईल. आता काय ते तुम्ही बघा." काय बघायचं ते न सांगताच कळलं. पेपर माझ्याच विषयाचा होता, नियमाप्रमाणे मी त्या हॉलवर असायलाच नको होते. मलाच पाठवलं.

मी वीस रिकाम्या जागा डिक्टेट केल्या. मोठ्यानं, सावकाश, वर्गात सांगते तशा. पोरांनी माना खाली घालून लिहिल्या. सायसिंगनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी डोळे मोठे केले. त्यानंही लिहिलं. मॅडम सांगतात म्हटल्यावर काय करेल पोरगं!

अर्ध्या तासानं भरारी पथक आलं. एरवी सुकदेवभाऊ पाण्याची बादली घेऊन आधी धावायचे, तो इशारा. त्या दिवशी त्यांना वेळच मिळाला नाही. पथकाच्या साहेबांनी चार पेपर उचलले. वीसच्या वीस जागा सारख्या, एक चुकलेली जागासुद्धा सारखीच. ती माझी चूक होती, घाईत झालेली.

"कोणी सांगितलं हे?"

आणि सायसिंग उभा राहिला. अगदी शांतपणे. त्याच्या हिशेबी ते पंचच बसले होते.

"मॅडमनी सांगितलं सर. मी पण लिहिलं. माझी पण चूक आहे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नाही हो सर! खोटं बोलतोय तो."

ज्याला मी हरिश्चंद्र म्हणायचे, त्याला मी खोटारडा म्हटलं. तेही किती पटकन जमलं मला!

साहेबांनी बाकीच्यांना विचारलं. सगळा हॉल म्हणाला, "नाही सर, मॅडमनी काही सांगितलं नाही." चेतन सगळ्यात आधी म्हणाला. तीन वर्षं त्यांना मीच शिकवलं होतं.

"म्हणजे कॉपी केल्याचं तू एकटाच कबूल करतोयस," साहेब म्हणाले, उचललेले पेपर परत दिले आणि फॉर्म काढला. सायसिंगनं सुवाच्य अक्षरात जबाब लिहिला, सही केली. कागद देताना साहेबांना म्हणाला, "दंड काय सर?"

दंड असा झाला की त्याचा निकाल रद्द, आणि पुढच्या परीक्षांना बसायलाही बंदी. आमचा निकाल मात्र झक्क लागला. विषय वाचला. माझी नोकरी वाचली.

त्या संध्याकाळी सुकदेवभाऊ कुलपं लावत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोऱ्या खरं बोली ऱ्हायंता ना, मॅडम?"

मी पर्स उचलली आणि बसस्टँडवर गेले. मला रडू आलं ते बसमध्ये, तेही खिडकीकडे तोंड करून. लाज वाटली म्हणायलाही लाज वाटते.

* * *

त्याला तीन वर्षं झाली. चेतन बी.एड. होऊन एका शाळेत लागला, पेढे घेऊन आला होता. सायसिंग ऊसतोडीला जातो असं कळलं. होळीला तोडणीची माणसं डोंगरात परततात. यंदा होळी झाल्यावर मी धडगावच्या जीपमध्ये बसले. घाटात दोनदा वाटलं, उतरावं आणि परत जावं. तिथून पुढे दुसरी जीप, मग चालत.

तो अंगणात कोयत्याला दांडा बसवत होता. खांदे रुंद झालेत, हात फाटलेत. मला बघून गडबडीनं उठला. "मॅडम! तुम्ही?"

"पंचांना बोलाव," मी म्हणाले. "मला सांगायचंय."

तो जाऊन तीन म्हाताऱ्यांना घेऊन आला. त्याचे आईबापही येऊन बसले. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मी उत्तरं सांगितली, हा खरं बोलला, मी ह्याला खोटं पाडलं. ह्याचं मास्तर होणं माझ्यामुळे गेलं. दंड द्याल तो घेते. बोलता बोलता किती वेळ गेला कळलं नाही.

म्हातारे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना मराठी येत नव्हतं, त्याच्या आईबापांनाही नाही. सगळ्यांनी सायसिंगकडे बघितलं.

तो त्यांच्याकडे वळून पावरीत बोलला. एकच वाक्य.

म्हाताऱ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले. एकजण हसला. त्याची आई लगबगीनं आत गेली आणि मक्याची भाकर, अंबाडीची भाजी घेऊन आली. सगळे माझ्याबरोबर जेवले. मला रडू आवरेना. भाजी तिखट लागली समजून आईनं गुळाचा खडा आणून हातावर ठेवला.

तो मला जीपपर्यंत सोडायला आला. जीप सुरू झाली तसं मी विचारलं, "दंड काय ठरला रे?"

"काही नाही मॅडम."

"असं कसं? तू सांगितलंस काय त्यांना?"

त्यानं माझी पिशवी आत सरकवली, दार नीट लागलंय का ते ओढून बघितलं.

"मॅडम लांबून आल्यात, भूक लागलीय, असं सांगितलं."