मौनीबाबाचा फोन

सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाला सगळे मौनीबाबा म्हणत, आणि बरोबरच म्हणत. गिऱ्हाइकाने घडाघडा बोलावं, याने तोंडातला खिळा काढून "हं" म्हणावं आणि खिळा परत तोंडात ठेवावा. हात सोन्याचा, पण जिभेला कुलूप! अशाने दुकान चालतं होय? काम आटत गेलं. शेवटी मेहुण्याने निरोप धाडला, "सोमवारपर्यंत सांगा. दुकान बंद करा नि माझ्या कारखान्यात या." मेहुण्याच्या हाताखाली राबायचं, या विचारानेच मौनीबाबाला घास गिळवेना.

लेकीने त्याला ओढतच व्यापाऱ्यांच्या मेळाव्याला नेलं. ती कार्डं गोळा करत हिंडली, हा भिंतीला चिकटून उभा. एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई मात्र आपणहून येऊन बोलल्या. त्यांच्या खुर्च्यांच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या. दारापासच्या खुर्चीने तर त्यांचाच नवा कोट फाडला होता. मौनीबाबा "हं" म्हणाला. बाईंनी कार्ड दिलं.

"ओळख ताजी आहे तोवर मेसेज टाकायचा असतो," लेक म्हणाली, आणि तिने कुठूनसा तयार मजकूर उचलून सगळ्यांना एका दमात पाठवला: 'आपल्या भेटीने अत्यंत आनंद झाला. आपल्या सेवेस सदैव तत्पर.'

बाईंचं उत्तर आलं, "आपण कोण?"

मौनीबाबाचा चेहरा पडला. रविवारी लेकीने फोन त्याच्या हातात कोंबला. "बोला बाबा! नाहीतर उद्यापासून मामाकडे हजेरी लावा."

बाईंनी फोन उचलला. याने तोंडातला खिळा काढला.

"ती दारापासची खुर्ची... अजून कपडे फाडतेय का हो?"

पलीकडे हसू फुटलं. "अहो, भिंतीपाशी उभे होतात ते तुम्ही! कालच एकाची पँट गेली बघा."

मग याने विचारलं, बसताना टोचते की उठताना? खालचा पट्टा सैल झालाय का? विषय खुर्चीचा निघाल्यावर गडी थांबेचना. लेक आ वासून बघत राहिली.

"उद्या बोलावलंय," फोन ठेवून तो म्हणाला. "सगळ्या रांगा करायच्यात."

लेकीला रडूच आलं. डोळे पुसत तिने फोन मागितला. "द्या, मामाला कळवते."

"राहू दे," मौनीबाबा म्हणाला. "त्याच्याशी मी बोलतो."