ढिगाच्या तळाशी

“रक्त आपल्या पोरांनी सांडलं, आन् आता फौज माघारी बोलवायची व्हय?” भिंगारचे टेलरमास्तर वर्तमानपत्र आपटून गिऱ्हाइकाला विचारत होते. बांगलादेश स्वतंत्र होऊन दोन महिने झाले होते आणि माझा भाऊ अजून तिथेच पलटणीत होता.

मास्तर तोंडात टाचण्या धरून बोलत. प्रश्न स्वतःच विचारत, उत्तरही स्वतःच देत. त्यांची शिवण कधी उसवली नाही, म्हणून मी सगळं मुकाट ऐकून घेत असे. भावाने पत्रात लिहिलं होतं, की आधी हार घालणारी तिथली माणसं आता ‘घरी कधी जाणार?’ असं विचारतात, आणि त्याला ओशाळल्यासारखं होतं.

आईने त्याच्यासाठी शिवायला टाकलेली पँट झाली का, असं मी विचारलं.

“ताई, तो कशाला येतोय एवढ्यात? जिंकलेला मुलूख कुनी सोडतं का? न्हाई सोडत!” असं म्हणत मास्तरांनी ते कापड उचललं आणि ढिगाच्या अगदी तळाशी सारलं.

माझे कान तापले. त्या दुकानात मी आजवर मापापलीकडे काही बोलले नव्हते.

“मुलूख तिथल्या लोकांचा आहे, मास्तर,” मी म्हणाले. “आणि माझा भाऊ परत येणार आहे. ते कापड वर काढा आणि माझ्यासमोर कापा.”