बाई हात लावत नाहीत

कॉम्प्युटर शिकवणारी माणसं साधारण एकाच जातकुळीची असतात. पोरगं जरा अडलं की "सरक बघू" म्हणत त्याच्या हातातला माउस काढून घ्यायचा, खटाखट चार बटणं दाबायची आणि "झालं, बघ" म्हणून मोकळं व्हायचं. काम होतं, पण पोरगं होतं तिथंच राहतं. घरोघरचे थोरले भाऊ तर झाडून सगळे असेच. त्या गल्लीत ह्याला अपवाद एकच होता, तो म्हणजे बाई.

बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून पोरांच्या खुर्च्यांमागून फिरत. कीबोर्डला त्यांचं बोट लागलेलं आताच्या पोरांपैकी कुणी पाहिलं नव्हतं. कुणी अडलं की त्या एवढंच म्हणत, "वाच." समोर काय आलंय ते मोठ्यानं वाचायचं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत. पोरं कुरकुरायची. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना मोठ्यानं वाचायला लावणं म्हणजे भर रस्त्यात आईनं केस विंचरण्याइतकी नामुष्की. पण वाचता वाचता निम्म्या वेळा त्यांचं त्यांनाच उमगायचं की यंत्र काय मागतंय. मग "अच्छा" म्हणून पोरगं आपणच कामाला लागायचं आणि बाई पुढच्या खुर्चीकडं सरकायच्या.

हे सगळं चालायचं बाईंच्या घराच्या पुढच्या खोलीत. इतरांच्या घरी जिथं सोफा असतो तिथं ह्यांच्याकडं एका बंद पडलेल्या दुकानाच्या फळ्यांचं लांब टेबल होतं आणि त्यावर पाच जुनी यंत्रं. त्यांतल्या दोहोंची झाकणं कायमची उघडी, कारण ती सारखी बसवणार कोण. पंखा लावला तर कागद उडत, बंद केला तर यंत्रं तापत, म्हणून तो एकावर ठेवलेला असे आणि कुणाचंच समाधान होत नसे. यंत्रं पाणीपट्टीच्या कचेरीनं मोडीत काढलेली. बाई त्याच कचेरीत डेटा एन्ट्रीच्या सुपरवायझर होत्या. मुदतीआधीच त्या निवृत्त झाल्या. कारण सांगितलं पाठदुखीचं, आणि पाठ बिचारी ठणठणीत होती.

दुखणं डोळ्यांचं होतं. बाई जिथं नजर रोखतील नेमक्या तिथं एक राखाडी डाग येऊन बसे. कडेकडेचं दिसायचं: दार, खुर्ची, कुणाचा लाल शर्ट, चहाच्या कपाचा कान. म्हणून चालणंफिरणं बिनबोभाट होई आणि कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. पण अक्षर म्हणाल तर एक नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की कडा राहतील, मधलं परत येणार नाही. बाई स्क्रीनकडे तिरक्या मानेनं बघत आणि पोरं आपसात म्हणत की बाई विचारात आहेत. खरी गोष्ट अशी की बाईंना स्क्रीनवरचं काहीच वाचता येत नव्हतं.

पहिल्या वर्षी थोडंफार दिसत होतं तेव्हा बाईही "सरक बघू" म्हणणाऱ्यांतल्याच होत्या. मग डाग वाढला आणि नाइलाजानं तोंडातून "वाच" निघालं. पोरं वाचू लागली आणि शिकूही लागली, ह्याचं बाईंनाच नवल वाटलं. एकदा कुणाच्या तरी वडिलांनी विचारलं, "तुम्ही स्वतः कधीच कसं करून दाखवत नाही?" बाईंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "माझा पोरांवर विश्वास आहे." त्या वाक्याला गल्लीत पाय फुटले. आया ते एकमेकींना सांगू लागल्या, शाळेतल्या एका शिक्षकानं ते फळ्यावर लिहिलं म्हणे. बाईंनी पुष्कळदा ते परत घ्यायचं मनात आणलं. पण कौतुक ही अशी चीज आहे की ती आपली नाही हे माहीत असूनही माणूस ती अंगावरून उतरवत नाही.

खरं माहीत होतं ते फक्त काकांना. काका म्हणजे बाईंचे यजमान. जन्मभर बस चालवली, आता पोरांसाठी चहा करायचे आणि रंगाच्या ब्रशनं यंत्रांच्या पोटातली धूळ झाडायचे. ते महिन्यातून एकदा तरी म्हणत की सांगून टाक, काय होतंय. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "आणि मग? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं म्हणतील. कोण पाठवील पोरं?" पोरं आली नाहीत तर घरात काय होईल हे काकांनाही ठाऊक होतं. दिवसभर ही बाई पेपर वाचू शकत नव्हती, सुईत दोरा ओवू शकत नव्हती, तांदूळ निवडले तरी खडा सापडायचा तो दाताखाली. संध्याकाळी पोरं आली की तेवढा वेळ ती पूर्वीची सुपरवायझर असायची. तेवढंच तिचं उरलं होतं आणि ते जाईल ह्याची तिला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

पोरांत एक होता भोवरा. खुर्चीत बसला तरी त्याचं काहीतरी फिरत असायचं, पाय नाहीतर पेन नाहीतर तोंड. त्याच्या आईचं कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान होतं. डोकं तल्लख, पण धीर म्हणून नाही. बाईंचा त्याच्यावर जीव होता. आवडीचं पोर म्हणून त्या त्याला जास्तच ओरडत.

त्या वर्षी पोरांनी मिळून एक भांडार उभं केलं. पाचांतलं एक यंत्र बाजूला काढायचं, उरलेली चार त्याला जोडायची आणि सगळ्यांचं काम त्या एकात ठेवायचं, म्हणजे कुणीही कुठंही बसलं तरी आपलं काम काढता येईल. तारा पोरांनी ओढल्या, नावं पोरांनी दिली. वर्षभरात त्यात काय काय साठलं: एका मुलीनं मामाच्या सायकलदुकानासाठी केलेलं संकेतस्थळ, दोघा भावांचा गणिताचा खेळ, कुणाची हलती चित्रं, भोवऱ्याचा इस्त्रीच्या कपड्यांचा हिशेब. बाई पहिल्या दिवसापासून बजावत होत्या की एकाच जागी ठेवलेली गोष्ट ही हरवलेलीच समजायची. म्हणून काकांनी बाजारातून आणखी एक डिस्क आणली. ती आधी पुसून तयार करायची आणि मग तिच्यावर सगळ्याची दुसरी प्रत घ्यायची, असं ठरलं.

त्या संध्याकाळी कीबोर्डवर भोवरा होता. बाकीची पोरं भोवती दाटीवाटीनं उभी, पण त्यांचं लक्ष काकांनी आणलेल्या बिस्किटांत. यंत्रानं विचारलं, कोणती डिस्क पुसू?

"वाच," बाई म्हणाल्या.

भोवऱ्यानं वाचलं की दोन डिस्क दिसतायत, आकार सारखाच. पुढं वाच, बाई म्हणाल्या. पुढं तेच आहे बाई, तो म्हणाला, नवी निवडलीय मी. बाईंनी विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की. मग दाब, बाई म्हणाल्या.

त्यानं दाबलं. थोड्या वेळानं सायकलदुकानवाली मुलगी म्हणाली की माझं फोल्डर दिसत नाही. मग खेळवाले भाऊ पुढं आले, मग सगळेच. नव्या डिस्कला हातही लागला नव्हता. पुसली गेली होती ती भांडाराची. पुसलेलं परत आणायचे प्रोग्रॅम असतात, तेही लावून पाहिले. हाती आले ते नुसते तुकडे, अर्धं चित्र, नाव नसलेली फाईल. दोन्ही डिस्कच्या ओळींच्या शेवटी त्यांची नावं लिहिलेली होती, स्पष्ट, ठळक. ज्याला डोळे आहेत अशा कुणीही नुसती मान वळवली असती तरी थांब म्हटलं असतं.

भोवरा पांढराफटक पडला. पोरं त्याला वाटेल तसं बोलली. ह्या वयात दया उशिरा येते. तो एवढंच म्हणाला, "मी चुकीचं वाचलं," आणि चपला न घालताच घरी पळाला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पुढचा आठवडाही तसाच गेला.

इथवर झालं ते वाईटच, पण पुढं झालं ते बाईंना जास्त लागलं. गल्लीत बोलबाला झाला तो बाईंच्या मोठ्या मनाचा. एवढं नुकसान करून ठेवलं पोरानं, पण बाईंनी चकार शब्द काढला नाही! एक आई मुद्दाम घरी येऊन सांगून गेली की विश्वास ठेवावा तर तुमच्यासारखा, ती कारटीच त्या लायकीची नाहीत. बाईंनी तिला चहा दिला. ती गेल्यावर कप तसाच हातात धरून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"आता तू माफ करणारी झालीस," काका म्हणाले. ते टोचून बोलले नव्हते, पण टोचायचं ते टोचलंच.

"चला," बाई म्हणाल्या. "इस्त्रीच्या दुकानात जायचंय."

दुकान म्हणजे एक खोली, दाराशी लांब टेबल, मागं कपड्यांचे गठ्ठे. भोवरा उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होता आणि त्याचं काहीच फिरत नव्हतं. काका बाहेरच थांबले. बाईंना बघून त्याच्या आईनं इस्त्री उभी केली, स्टूल पुसलं आणि बसायच्या आतच माफी मागायला सुरुवात केली. नुकसान भरून द्यायची आमची ऐपत नाही बाई, पण हा तुमच्याकडं येऊन झाडलोट करील, सांगाल ते करील.

बाईंनी तिला थांबवलं. घरून निघताना त्यांनी वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही वेळेवर आलं नाही.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "अक्षर दिसत नाही. ह्याचा चेहरासुद्धा नाही दिसत, शर्ट दिसतो. त्या दिवशी स्क्रीनवर काय होतं ते मला दिसलंच नाही, म्हणून मी दाब म्हणाले."

आई आधी गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती तापली, आणि तापायचा तिला पुरा हक्क होता. पोरगं आठवडाभर भिंतीकडं तोंड करून झोपतंय, ती म्हणाली, शाळेत पोरं त्याला पुसणं म्हणून हाक मारतायत, आणि हे तुम्ही आज सांगताय? बाई म्हणाल्या, हो, आज सांगतेय. भीती वाटत होती. कळलं असतं तर कुणी पोरं पाठवली नसती.

भोवऱ्यानं हातातला अभ्रा खाली ठेवला. "म्हणजे तो विश्वास वगैरे?"

"आधी नव्हता. दुसरा इलाजच नव्हता," बाई म्हणाल्या. "नंतर बसला. पण सांगताना मी खोटंच सांगत होते."

बाईंना वाटलं, आता हा रागवेल, आणि रागवला तर बरंच होईल. तो बोलला तेव्हा आवाज अगदी बारीक होता.

"मी चुकीचं वाचलं नव्हतं, बाई. मी वाचलंच नव्हतं. ओळीच्या शेवटचं सोडून दिलं. म्हटलं, मागं तुम्ही उभ्या आहात, तुम्हाला दिसतंय, चुकत असेल तर ओरडाल." मग तो म्हणाला, "तुम्हाला दिसत नाही हे माहीत असतं ना, तर मी टिंबसुद्धा सोडलं नसतं."

बाई स्टुलावर बसून राहिल्या. इतकी वर्षं त्या ज्या गोष्टीला जपत होत्या, ती जपली नसती तर भांडार शाबूत राहिलं असतं, हे एका चौदा वर्षांच्या पोरानं उशांच्या अभ्र्यांमध्ये उभं राहून सांगितलं होतं. त्याला ते कळलंसुद्धा नव्हतं. तो आपला गुन्हा कबूल करत होता.

"उद्या ये," शेवटी बाई म्हणाल्या. "सगळ्यांना सांगायचंय. मी सांगेन माझं, तू सांग तुझं."

त्यानं आईकडं बघितलं. आईचा राग अजून पुरता उतरला नव्हता, पण तिनं इस्त्री हातात घेता घेता मान हलवली. "आधी त्यांना खाली सोडून ये," ती म्हणाली.

दुकानाच्या तीन पायऱ्या बाईंना पाठ होत्या आणि कडेच्या नजरेनं दिसतही होत्या. भोवऱ्यानं तरीही त्यांचं कोपर धरलं. "पायरी आहे," तो म्हणाला. "अजून एक. ही जरा तुटलीय डाव्या बाजूला. आता खाली सपाट. काका समोर उभे आहेत, मधे सायकल आहे, थांबा, ती आधी जाऊ दे." बाई थांबल्या आणि सायकल गेली.