मागाच्या ठोक्यावर बसवलेलं नाटक

इचलकरंजीत आमच्या घराला लागूनच यंत्रमागाचं शेड होतं. मुलगा तिथं माग चालवायचा, मी सुताच्या कांड्या भरायची. सून घरात असायची आणि गायची. ती कर्नाटकच्या सीमेपलीकडची, माहेरी भजनाची सवय. मला त्याचं कौतुक नव्हतं. गाण्यानं भाकरी करपतात, एवढं मला माहीत होतं.

नव्वदनंतरची गोष्ट. शाळेतून निवृत्त झालेल्या एका गाण्याच्या मास्तरांनी संगीत नाटक लिहिलं आणि आमच्या शेडमधल्या माणसांना घेऊन ते कोल्हापूरच्या स्पर्धेत करायचं ठरवलं. राणीच्या कामाला त्यांना आमची सून पाहिजे होती. ते घरी आले. मी चहा दिला आणि अट घातली.

"एकच खेळ. लोक हसले तर परत तिला बोलवायला यायचं न्हाय."

सून दारात उभी होती. लग्नाला चार वर्षं झाली होती, तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. म्हणाली, "चालंल आत्ती. पर तवर मधी बोलायचं न्हाय." मला ती आत्ती म्हणायची.

तालमी शेडच्या सुताच्या खोलीत व्हायच्या, दुसरी जागा नव्हती. भिंतीपलीकडं माग चालू. राजा झालेला माणूस जन्मभर मागावर. तबल्याला शेडचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. आम्ही मागवाले सगळे मोठ्यानंच बोलतो, शेडमध्ये हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. नवरा-बायको भांडतायत की मीठ मागतायत, हे आमच्याकडं आलेल्या पाहुण्याला कळत नाही. चार महिने असंच नाटक बसलं. तरण्या सुनेला एकटीला कसं सोडायचं म्हणून मी रोज जाऊन बसायची. नाटक झकास बसलंय असं सगळ्यांचं मत होतं. माझंही.

कोल्हापुरात आमचा खेळ दुपारचा होता. पडदे आणि पायपेटी टेम्पोतून नेली, रंगमंचाची पूजा झाली, नारळ फुटला. पहिल्याच गाण्यात राणीला अंगावर घ्यायला शेला लागायचा, तो घेऊन मी पडद्याच्या आडोशाला उभी राहिले.

पडदा वर गेला आणि मला वाटलं, मी बहिरी झाले. एवढी माणसं बसलेली आणि सगळी गप्प. असली शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. मी कानात बोट घालून बघितलं.

तेवढ्यात राजा ओरडला, "प्रधानजी!" त्याच्या डोक्यावर माईक टांगलेला. पहिल्या रांगेतलं तान्हं पोर किंचाळून उठलं. मागून कोणीतरी हाक दिली, "पावणं, आम्ही बहिरं न्हाय की!"

आख्खं थिएटर हसलं. अट मीच घातली होती.

मग सून आली. पेटी लागली, तबला लागला. दोन ओळी नीट गेल्या आणि तबला पळायला लागला. जॉबर घामानं भिजलेला, हात त्याच्या ताब्यात नव्हते. सून धापा टाकत मागं धावत होती. तिच्या दासी एक ओळ पुढं निघून गेल्या. मास्तर पेटीवरून "हळू, हळू" करत होते. चार महिने ठेका धरला होता तो भिंतीपलीकडच्या पहिल्या मागानं. जॉबरनं नुसता त्याच्यावर हात टाकला होता. आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. लोक परत हसले.

सुनेनं हात वर केला आणि गाणं थांबवलं. भर खेळात.

"दादा, हात उचला," ती जॉबरला म्हणाली. माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. मग नुसत्या पेटीवर तिनं पहिल्यापासून सुरुवात केली, सावकाश.

तो आवाज मी ओळखला नाही. खरंच सांगते, दुसरीच कोणी बाई गाते आहे का म्हणून मी वाकून बघितलं. तीच होती. चार वर्षं आमच्यामध्ये माग होता. त्या आवाजात खालच्या अंगाला काहीतरी होतं, ते आम्हाला कधी पोचलंच नव्हतं. तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. कोणी हसलं नाही, कोणी खोकलं नाही. शेला माझ्याच हातात राहिला आणि राणी तशीच गायली.

टाळ्या पडल्या. मग राजा परत ओरडला आणि नाटक पुन्हा पडलं. बक्षीस मिळालं नाही, मिळायलाही नको होतं.

परतताना मास्तरांसकट सगळे टेम्पोत पडद्यांवर बसलो. मुलगा म्हणाला, "आई, लोक हसले."

"हसले."

"तू अट घातलीवतीस."

"लोक हसले हे खरं हाय, आत्ती," सून म्हणाली. "आता परत नाटकाचं नाव न्हाय काढणार मी."

जॉबर कळवळला. "काकी, तितं मागच न्हवता वो! मी ठेका कशावर धरू?"

मी शब्द मोडणारी बाई नाही. शेजारणीशी बोलणार नाही म्हटलं, तर अकरा वर्षं बोलले नाही. पण गळ्यात असलं काही असलेली बाई घरात होती आणि मी तिला भाकरीवरून बोलत होते, याचा धक्का अजून उतरला नव्हता.

मी मास्तरांना म्हणाले, "फुडच्या खेळाच्या तालमी शेड बंद असंल त्याच दिवशी घ्यायच्या. न्हायतर सून यायची न्हाय."

"म्हंजे येणार?" मास्तर म्हणाले.

"मग काय मी येऊ गायला?"

सून डोक्यातली राणीची फुलं काढत बसली.