दाराबाहेरच्या चपला

निवृत्तीनंतर भंगारातून एक जुना कॉम्प्युटर आणला, खटपट करून चालू केला. आता रोज त्यावर बारीकसारीक प्रोग्राम लिहीत बसतो. आज त्याच्यासमोरून उठून खोलीबाहेर आलो, तर दाराशी माझ्या घरातल्या चपला, जोडीनं नीट काढलेल्या. ऑफिसात कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ नको म्हणून अनवाणी जावं लागे. एसी त्या खोक्याला. आम्ही बाहेर घामाघूम. नोकरी सुटली, पाय अजून हुकूम पाळतायत! लाचारी इतकी मुरते?

चरफडत चपला पायांत सरकवल्या आणि चहा मागायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्याशी उभी असलेली बायको माझ्या पायांकडे बघत म्हणाली, “त्या खोलीपाशी काढता. इथे मात्र जन्मभर घालूनच आलात.”