आठ व्हॉल्व्ह

मंगळवारी सकाळी सव्वानऊला माझा नवरा अंगणात जीपजवळ गेला. त्याने पाना उचलला, खाली ठेवला आणि जमिनीवर बसला. मी चहा घेऊन बाहेर आले. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. दुपारी चार वाजता लोक पंचगंगेवरून परत आले.

समोर मी त्याला 'अहो' म्हणायची. लिहिताना 'तो' येतो आहे, तसाच येऊ देते.

ही जीप त्याने एका साखर कारखान्याच्या लिलावात घेतली होती. लढाईच्या काळातलं मॉडेल. ऊस विभागाच्या साहेबांना शेताशेतातून फिरवून तिची हाडं खिळखिळी झाली होती. शिवाजी पेठेतल्या आमच्या अंगणात ती दोराने ओढत आणली, तेव्हा तो म्हणाला होता, "दिवाळीपर्यंत रस्त्यावर आणतो." कुठल्या दिवाळीपर्यंत, हे मी विचारायला हवं होतं. पुढची नऊ वर्षं ती उघडलेल्या अवस्थेत आमच्याकडे राहिली. चाकं जिन्याखाली, रेडिएटर माळ्यावर, इंजिन पत्र्याच्या छपरीत लोखंडी घोडीवर, आणि नटबोल्ट, वॉशर, पट्ट्या, स्प्रिंगा घरभर डब्यांत. मी कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा घरात पुस्तकांपेक्षा डबे जास्त झाले होते. एकदा साबुदाणा भिजवायला म्हणून डबा उघडला, तर आत ग्रीस लावलेल्या बेअरिंग निघाल्या.

डब्यांचं मी सहन केलं. मला सहन व्हायचं नाही ते हे, की तो काहीही लिहून ठेवत नसे. कुठल्या डब्यात काय, कुठला बोल्ट कुठून निघाला, एक अक्षर नाही. मी त्याला कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या, डिंक दिला, जाड पेन दिलं. तो हसायचा.

"बोल्ट म्हणजे पुस्तक आहे काय, नाव वाचून उचलायला? हात लावला की कळतंय."

हात त्याचा. कळणारही त्यालाच. तो नसेल तेव्हा काय, हा प्रश्न त्याला पडला नाही. मलाही पडला नाही, हे खरं, पण मी जीप उघडून ठेवली नव्हती.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी धाकटा दीर आला. आमच्या दोन घरांचं अंगण एकच आहे. पलीकडच्या बाजूला तो राहतो.

"वैनी, वाईट वाटून घेऊ नका. पोराचं लगीन ठरतंय. एक खोली काढायलाच पायजे. दसरा झाला की पाया खणायचा म्हणतोय."

"आणि जीप?"

"भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. गॅस कटर घिऊनच येतो म्हणालाय. एका दिवसात अंगण मोकळं."

त्याच्या हातात माझ्यासाठी आणलेली दुधाची पिशवी होती. त्यामुळे मला नीट चिडताही येईना. अंगण त्याचंही होतं, नऊ वर्षं त्याने चकार शब्द काढला नव्हता. पण गॅस कटर हा शब्द मला काही केल्या गिळवेना. जीपवर माझं प्रेम नव्हतं. ती तुकडे करून टेम्पोत भरून जावी, हे मात्र मला नको होतं. जायचं तर चाकांवर जाऊ दे.

मी मिस्त्रींना फोन केला. उद्यमनगरात त्यांची गॅरेजची शेड आहे. जुन्या गाड्यांत आयुष्य गेलेले, सत्तरी ओलांडलेले, जे काम माझ्या नवऱ्याला एकट्याला जमत नसे त्यासाठी रविवारी येणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वैनी, गाडी चालू झाली तर माझ्या शेडात ठिवा, कवाबी. बंद गाडी मात्र मी घेनार न्हाई. लोकं बंद गाड्या ठिवून जात्यात आनि परत येतच न्हाईत. माझ्या शेडाचं कबरस्तान झालंय."

"मग चालू करायला कधी येता?"

"उद्या येतो."

ते बाराव्या दिवशी आले. आणि त्या बारा दिवसांत मी त्यांना मदत म्हणून एक काम करून ठेवलं.

मी सगळे डबे अंगणात मांडले. प्रत्येक वस्तू डिझेलमध्ये धुतली, तारेच्या घासणीने घासली, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली. मग वर्गवारी केली. बोल्ट लांबीप्रमाणे, नट मापाप्रमाणे, स्प्रिंगा जाडीप्रमाणे. सारखं सारख्याशेजारी, हा माझ्या तीस वर्षांच्या नोकरीचा पहिला नियम. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर संख्या, शिवाय वेगळी वही. इंजिनशेजारी एक पुठ्ठा होता, तेलाने काळाकुट्ट झालेला. त्याला आठ भोकं, भोकांत लांब दांड्याच्या आणि चपट्या डोक्याच्या आठ वस्तू खोचलेल्या. आईस्क्रीमच्या गाड्यावर कोन उभे करतात तशा. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात एवढं मला माहीत होतं. त्यातले चार मोठ्या डोक्याचे होते, चार लहान. ते घासूनपुसून मी स्टीलच्या डब्यात ठेवले. पुठ्ठा बंबात घातला. तेलामुळे छान पेटला.

मिस्त्री आले, डब्यांची रांग बघून दारातच थांबले.

"आयला," ते म्हणाले. मग जीभ चावून, "माफ करा वैनी. दुकान मांडलासा की."

मला बरं वाटलं. तेवढंच.

"व्हॉल्व्ह कुठं हाईत?"

मी स्टीलचा डबा उघडून पुढे केला. त्यांनी आत पाहिलं, मग इंजिनशेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"पुठ्ठ्यात होते न्हवं?"

"तेलकट होता तो. बंबात घातला."

ते पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झालं तरी तांब्या हातातच होता.

"वैनी, तुमच्या घरात लोणच्याच्या काचंच्या बरण्या असतील. हिचं झाकण तिला बसतंय का? बसल्यागत दिसतंय, पर हवा शिरती. तसं हाय हे. दादा आठ म्हैनं एकेक व्हॉल्व्ह त्याच्या त्याच्या बैठकीवर घासत होता. ज्याचा त्यालाच बसनार. भोकं बरोबर इंजिनाच्या वळीनं पाडलीवती. आता कुनाचा कोन, कुनाला म्हाईत?"

"मग परत घासायचे?"

"दुसरं काय! बाकी सगळं झालंवतं त्याचं. ही दिवाळी चुकली नसती."

तो आवाज मी ऐकला होता. लाकडी काठी, तिच्या टोकाला रबराची वाटी, वाटीला चिकटलेला व्हॉल्व्ह. रवी फिरवावी तशी काठी दोन तळव्यांत फिरवत तो रोज संध्याकाळी बसायचा. खर्र खर्र, खर्र खर्र. मी आत वाचत असायची. आवाज नको म्हणून मी खिडकी लावून घ्यायची. आठ महिने! आणि त्या आठ महिन्यांत एकदाही त्याने सांगितलं नाही, की अगं, ह्या पुठ्ठ्याला हात लावू नकोस. सांगितलं असतं तर मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं असतं. मला तेवढंच तर चांगलं येतं.

बातमी पेठेत पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळी तालमीतले दोघेतिघे येऊन हात मागे बांधून उभे राहिले.

"काकी, आता ह्याच्यात कोंबड्या पाळा. हवेशीर हाय."

"गप रे. काकी, माझा मामा मिल्ट्रीत हुता. त्यो म्हनायचा, इंजिन बसत नसलं की डोंगरावरनं ढकलायची गाडी, आपोआप बसतंय."

"आनि ड्रायव्हर?"

"त्योबी बसतोय की, कायमचा."

मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणाच्या घरी उभे आहोत. सगळे एकदम बोनेटवरच्या गंजाबद्दल बोलायला लागले.

मिस्त्रींनी मला एक युक्ती दाखवली. व्हॉल्व्हच्या तिरक्या कडेवर मऊ पेन्सिलीने आडव्या रेघा मारायच्या. तो बैठकीवर ठेवून पाव फेरा फिरवायचा. उचलून बघायचं. रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या, तर ती जोडी खरी. एका बाजूच्या राहिल्या, तर नाही.

"मोठे चार, त्यांची चार भोकं. बारके चार, त्यांची चार. बगत बसा. मी गुरवारी येतो."

कुठल्या गुरुवारी, हे मी विचारलं. अनुभवाने शहाणी झाले होते.

चुकीच्या कपाटात गेलेली पुस्तकं मी आयुष्यभर शोधली. तेव्हा पुस्तकाच्या पाठीवर नंबर तरी असायचा. इथे आठ सारखे तुकडे आणि पाठ कोरी. मी वहीत रकाने पाडले आणि छपरीत स्टूल घेऊन बसले. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की स्वतःची कुरकुरही ऐकू येत नव्हती. मी मोठ्यानेच बोलत होते. "एक खूण केली असती. पेन्सिलीची एक खूण. हात झडला असता?" ह्याला उत्तर येणार नाही हे कळत होतं, त्याने राग आणखी वाढायचा. जिवंत असतानाही त्याने उत्तर दिलं नसतं. 'टॉर्च धर जरा' म्हणाला असता. टॉर्च धरायला त्याने मला पुष्कळदा हाक मारली आहे, आणि मी पुष्कळदा 'हे पान संपू दे' म्हटलं आहे.

चार दिवसांनी तीन व्हॉल्व्हची जागा नक्की झाली. दोन मोठे, एक लहान. रेघा अगदी सारख्या पुसल्या जायच्या. मी तिन्ही पुन्हा पुन्हा करून बघितले, उत्तर तेच. उरलेले पाच कुठेच धड बसेनात. त्यातला एक, दोन वेगळ्या भोकांत थोडाथोडा बसायचा, एक कुठेच नाही. मिस्त्रींनी ते उजेडात धरले.

"चरे पडल्यात. तारंच्या घासनीनं घासलासा न्हवं?"

"हो."

"ह्या तिनांना?"

आठवलं. ह्या तिघांच्या वेळी घासणीचा दांडा तुटला होता. ते मी नुसत्या फडक्याने पुसले होते.

"चांगलं झालं, तुटला ते," मिस्त्री म्हणाले आणि काठी माझ्या हातात दिली.

मला वाटलं होतं, ते घासतील. त्यांचे हात आता थरथरतात, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. म्हणून तर आठ महिने त्याने एकट्याने घासले होते.

करड्या रंगाचा मलम व्हॉल्व्हच्या कडेला लावायचा आणि काठी फिरवायची. "दाबू नका," मिस्त्री म्हणायचे. "फिरवा, उचला, टेकवा. पोळी लाटताय काय?" मग धुवायचं, पुसायचं, वर डिझेल ओतायचं आणि खालच्या भोकात टॉर्च मारून थेंब येतो का बघायचं. थेंब यायचाच. पहिल्या व्हॉल्व्हने माझे सतरा दिवस घेतले. तळव्यांना फोड आले, ते फुटले, तिथे घट्टे पडले. दिवसाला पन्नास पानं वाचणारी मी, त्या सतरा दिवसांत वर्तमानपत्रही धड वाचलं नाही.

दीर येता-जाता थांबायचा.

"वैनी, हे तुम्ही करताय? दादानं बगितलं असतं तर—"

"बघितलं असतं तर चुका काढल्या असत्या. लिहून मात्र काही ठेवलं नसतं."

तो हसला. मग निघताना म्हणाला, "दसऱ्याचं म्हणत होतो ते चार दिवस मागंपुढं झालं तरी चालंल." मी नको म्हटलं. ह्या घरात 'मागंपुढं' ह्या शब्दावर नऊ वर्षं गेली होती.

बाकीची जोडणी मिस्त्रींनी आणि त्यांच्या कारागिराने केली. मापाप्रमाणे लावलेले बोल्ट त्यांना सोयीचे पडले, हे त्यांनी एकदाच आणि दुसरीकडे बघत कबूल केलं. पाचवा व्हॉल्व्ह दसऱ्याच्या अकरा दिवस आधी झाला. तो पूर्ण झालाच नव्हता. मिनिटाला एक थेंब येत होता. मिस्त्री म्हणाले, राहू दे, चालल्यावर बसंल. मला पटलं नाही, पण दिवस उरले नव्हते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांच्या कारागिराने हँडल मारलं. पंधरावीस वेळा काही नाही. तालमीतले लोक पुन्हा जमले होते. ह्या वेळी हात मागे बांधलेले नव्हते. मग एक मोठा खोकला, निळा धूर, दिराच्या दोरीवरचे सगळे धुतलेले कपडे धुरात, आणि जाऊबाईंची एक किंकाळी. इंजिन लागलं. लंगडत होतं, पण लागलं होतं.

"काकी, बसा की!"

सीट बसवलेल्या नव्हत्या. मिस्त्री पाटावर बसले, मी त्यांच्या बाजूला रंगाच्या डब्यावर. गाडी फाटकातून बाहेर पडली. उद्यमनगरापर्यंत दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा पेठेतल्या लोकांनी मागून ढकलली. मी उतरले नाही. रस्त्याने लोक बघत होते. मला रडू आलं नाही. दात वाजत होते, त्यामुळे तेवढं जमलंही नसतं.

दिराच्या खोलीला आता स्लॅब पडला आहे. जीप मिस्त्रींच्या शेडात आहे. रविवारी मी जाते, ते ती चालू करतात, दहा मिनिटांनी बंद करतात. तिसऱ्या सिलेंडरला दम कमी आहे. तिथला व्हॉल्व्ह माझ्या हातचा. इंजिनात आठ व्हॉल्व्ह आहेत. तीन त्याने घासलेले, पाच मी.