म्हशींना मच्छरदाणी लावणारी फुई

काल घरी काय शिजलं होतं, हे आमच्या गल्लीतल्या नवऱ्यांना आठवत नसे. पण फुईला पक्कं ठाऊक असे. अंगणात उभी राहून ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची, "कल्पना, काल पनीर व्हतं ना? मंग थैली धोईसन का नही दिनी?" कल्पनाच्या सासूला त्या पनीरचा पत्ताच नसायचा. मग त्या घरात जे महाभारत व्हायचं, ते विचारू नका.

फुई म्हणजे आत्या. लोणखेड्यातल्या आमच्या गल्लीत ती सख्खी कोणाचीच नव्हती आणि फुई मात्र सगळ्यांची. तापीकाठच्या गुजर घरातली बाई. केळी-कापसाचं वावर, मुलगा सुरतेला, दारात दोन म्हशी. नवऱ्याला इथल्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून आम्ही नाशिकहून आलो, ते नेमके तिच्या समोरच्या घरात. आल्या दिवशी तिने ताकाचा तांब्या दिला आणि संध्याकाळी धुराने आमचं घर भरून टाकलं.

म्हशींना मच्छर चावू नयेत म्हणून ती रोज तिन्हीसांजेला गोठ्यापाशी धुरी करायची. लिंबाचा पाला आणि गोवऱ्या, हे सासूच्या काळापासूनचं. अलीकडे अंगणातला केरही त्यातच जायचा, आणि त्या केरात दुधाच्या पिशव्या नि वेफर्सची पाकिटं. लिंबाच्या धुरात सगळं खपतं, असं तिला मनापासून वाटे. वर म्हणायची, "लिंबना धूर शे, पोरलेबी चांगला!"

आमच्या पाच वर्षांच्या मुक्ताला दमा होता. धुरापासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिला नाशिकला माझ्या आईकडे ठेवायचं आम्ही ठरवूनही टाकलं होतं. पोटच्या पोरीला लांब ठेवायचं, म्हणून तिचे कपडे भरायला घ्यायची आणि पुन्हा कपाटात ठेवून द्यायची. अशातच एका संध्याकाळी तिला धाप लागली. माझं डोकंच फिरलं. तिला कडेवर घेऊन मी तशीच फुईच्या अंगणात गेले. "बघा फुई, तुमच्या धुराने काय केलंय!"

फुईने पोरीची वरखाली होणारी छाती पाहिली. म्हशींच्या पाण्याची बादली उचलली आणि धुरीवर ओतली. माफीबिफी काही नाही, ते तिच्या स्वभावात नव्हतंच. दुसऱ्या दिवशी घरोघरच्या फाटक्या मच्छरदाण्या मागून आणल्या आणि जोडजोडून म्हशींना मच्छरदाणी शिवली! गल्ली पोट धरून हसली. "हसा," ती म्हणाली, "मन्ह्या म्हशी निवांत झोपी ऱ्हायन्यात."

पण तिची एक धुरी विझून भागणार नव्हतं. घंटागाडी आमच्या गल्लीपर्यंत यायची नाही, त्यामुळे घरोघर केर पेटायचाच. फुईने चाऱ्याची खोली रिकामी केली आणि दारोदार सांगून आली, "वलं खड्डामा, कोरडं धोईसन मन्हाकडे. पेटाडशात त मन्हासंगे गाठ शे." शहाद्याहून भंगारवाला टेम्पो घेऊन यायचा. या पिशव्यांचं पुढे काय होतं, हे विचारून तिने त्याचं डोकं खाल्लं. वितळवून त्यांची शेताला पाणी द्यायची नळी करतात हे कळल्यावर तर तिला चेवच आला. "आपलीच थैली वावरमा नळी व्हईसन ई, आनि तुम्ही तिले जाळतस?" तिच्या तोंडाला लागण्यापेक्षा पिशव्या धुतलेल्या बऱ्या, असं म्हणत बायका सुधारल्या.

मुक्ता नाशिकला गेली नाही. माझी लेक माझ्याजवळ वाढली ती या बाईमुळे. एकदा हे मी तिला म्हणालेही, डोळ्यांत पाणी आणून. "चाल, चहा ठेव," म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात फुई गेली. सुरतेहून आलेल्या मुलाने रीतीप्रमाणे तिचं अंथरूण-पांघरूण जाळायला अंगणात काढलं. फोमची गादी, उशा, कपडे, प्लास्टिकची चटई, सगळा एक ढीग. आम्ही माना खाली घालून उभ्या. आईला नुकताच पोचवून आलेल्या लेकाला कोण बोलणार? त्याने काडेपेटी उघडली, तेवढ्यात बारावीतली मुक्ता पुढे झाली. "काका, नका ना पेटवू. फुईने इथली आग माझ्यासाठी विझवली होती."

त्याने काडेपेटी बंद केली. मग ती माझ्या हातात देऊन खाली बसला. बायकांनी ढीग उकलायला घेतला. कपडे एकीकडे, फोम एकीकडे, चटई तिसरीकडे. फुईची उशी छातीशी धरून मुक्ता हमसून हमसून रडत होती. एवढं रडली की तिला धाप लागणारच, म्हणून मी तिचा दम्याचा पंप घेऊन शेजारी उभी राहिले. नाही लागली. पोरगी मनसोक्त रडली.